घरच्या कॉम्प्युटरसाठी फायरवॉल आणि अँटिव्हायरस निवडताना

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मोफत वापराची मुदत संपत आली तशा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या सूचना वाढत गेल्या. तोच पुढे चालू ठेवायचा, दुसरा घ्यायचा की काहीच घ्यायचं नाही, हे ठरवणं भाग होतं. ओळखीतल्या जाणकारांना विचारलं. प्रत्येकाने एकेक नाव सांगितलं आणि सोबत एकच कारण दिलं, "मी कितीतरी वर्षं हेच वापरतोय, कधी काही झालं नाही." पण ते सॉफ्टवेअरमुळे झालं नाही की त्या माणसाच्या सवयींमुळे, हे यातून कळत नाही. म्हणून नावं बाजूला ठेवली आणि आमच्या घरात हा कॉम्प्युटर कोण, कशासाठी वापरतं, तिथून सुरुवात केली.

कॉम्प्युटर एकच, विंडोज ११ असलेला. मी त्यावर ऑफिसचं उरलेलं काम आणि बँकेचे व्यवहार करते. नवरा फोटो साठवतो आणि सुधारतो. मुलगा गेम खेळतो, आणि त्या गेमसाठी इतरांनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली, उतरवून घेतो. सासूबाई मेल बघतात, नातेवाइकांना व्हिडिओ कॉल करतात, आणि समोर आलेली प्रत्येक सूचना शेवटपर्यंत वाचून तिला काहीतरी उत्तर द्यायलाच हवं असं मानतात. या शेवटच्या गोष्टीवर माझा निम्मा निर्णय ठरला.

मग पुढचा प्रश्न घेतला. या कॉम्प्युटरमध्ये नको ते शिरणार असेल तर कुठून? इथे थोडा जुना इतिहास वाचला आणि तो उपयोगी पडला. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम, पसरला. त्यासाठी कुणाला मेल उघडावी लागली नाही की कशावर क्लिक करावं लागलं नाही. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असणं पुरेसं होतं. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २पासून ती आपोआप चालू राहू लागली. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या वर्मने हीच गोष्ट पुन्हा केली. विंडोजमध्ये फाइली शेअर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणी आत येण्याचं क्रमांक दिलेलं दार) तो एका मशीनमधून दुसऱ्यात गेला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिच्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता आणि हल्ला झाला १२ मेला. ज्यांनी अपडेट घातला होता त्यांच्या मशीनमध्ये तो या वाटेने शिरू शकला नाही, मग अँटिव्हायरस कोणताही असो.

हा एक प्रकार झाला, बाहेरून न विचारता येणारा. तो अडवणं हे फायरवॉलचं काम. दुसऱ्या प्रकारात आपणच फाइल आत आणतो आणि आपणच ती चालवतो. मेलला जोडलेलं बिल, गेमचा मॉड, 'तुमचा व्हिडिओ प्लेयर जुना झालाय' म्हणून समोर आलेला खोटा अपडेट. ही फाइल ओळखणं अँटिव्हायरसचं काम. घरात आता बहुतेकांकडे राउटर असतो आणि बाहेरून आपणहून आलेली जोडणी आतल्या कोणत्या मशीनला द्यायची हे त्याला माहीत नसल्यामुळे तो ती टाकून देतो. त्यामुळे पहिल्या प्रकारचा धोका घरापुरता बराच कमी झाला आहे आणि दुसरा तसाच आहे. कुठे किती वेळ द्यायचा हे मला यावरून कळलं.

तरी फायरवॉल आधी हाती घेतली, कारण ती लवकर उरकेल असं वाटलं. विंडोजमध्ये ती आहेच, मग ती सध्या नेमकं काय करते आहे ते बघायचं ठरवलं. नियम सोपा आहे. बाहेरून येणारी जोडणी परवानगी असल्याशिवाय आत येत नाही, आणि आतून बाहेर जाणारी अडवायला सांगितल्याशिवाय अडत नाही. एक्सपीतली फायरवॉल फक्त येणारी जोडणी बघायची. जाणाऱ्या जोडणीवर नियम लावायची सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली, पण ती वापरायची की नाही हे आपल्यावर सोडलेलं असतं.

आता आमच्या मशीनवर कोणकोण दार उघडून बसलं आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करून द्यायची विंडोजची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला आणि नेटस्टॅट ही कमांड, पुढे 'एएनओ' हा पर्याय लावून, चालवली. लांबलचक यादी आली. घाबरून जाण्यासारखी दिसते, पण वाचायची कशी हे कळलं की निवळते. ज्या ओळीत 'लिसनिंग' लिहिलेलं असतं तेवढ्याच बघायच्या. पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती जोडणी त्याच मशीनमधल्या दोन प्रोग्रामांमधली आहे, बाहेरच्याला तिथे पोचता येत नाही. ०.०.०.० असेल तर नेटवर्कवरून कुणीही दार ठोठावू शकतं, आणि मग आत कोणाला घ्यायचं ते फायरवॉल ठरवते. ओळीच्या शेवटी प्रोसेसचा क्रमांक असतो. तो टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये शोधला की प्रोग्रामचं नाव मिळतं. ४४५समोर ४ हा क्रमांक होता, म्हणजे खुद्द विंडोज. १३५ही विंडोजचाच. प्रिंटरबरोबर आलेला एक मदतनीस प्रोग्राम ०.०.०.०वर बसलेला होता. स्कॅन केलेलं पान थेट कॉम्प्युटरवर पाठवण्यासाठी तो लागतो. ती सोय घरात कुणी वापरत नव्हतं, म्हणून तो काढून टाकला.

यानंतर फायरवॉलमधली परवानगी दिलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. प्रत्येकासमोर दोन खुणा असतात, खासगी नेटवर्कसाठी एक आणि सार्वजनिकसाठी एक. मुलाने केव्हाच काढून टाकलेल्या गेमांचे नियम तिथे तसेच होते, आणि काहींना दोन्हीकडे परवानगी होती. पहिल्यांदा गेम सुरू होताना जी खिडकी येते तिच्यात 'अलाउ' दाबलेलं असतं आणि गेम काढला तरी तो नियम मागे राहू शकतो. सगळे जुने नियम पुसले. घरच्या वायफायला विंडोजमध्ये 'पब्लिक' हेच प्रोफाइल राहू दिलं. घरचं नेटवर्क म्हणून ते 'प्रायव्हेट' करावं असं अनेकांना वाटतं, पण प्रायव्हेट केलं की फाइल-शेअरिंग आणि नेटवर्कवर इतरांना दिसणं यांच्यासाठीचे नियम सैल होतात. आमच्याकडे दुसऱ्या कॉम्प्युटरशी फाइली शेअर होत नाहीत, आणि प्रिंटर पब्लिकमध्येही नीट चालला. मग सैल कशाला करायचं?

फायरवॉलने अडवलेल्या जोडण्यांची नोंद मुळात बंद असते. ती काही काळ चालू करून ठेवली आणि फाइल वाचली. जवळपास सगळ्या नोंदी आतल्याच निघाल्या. टीव्ही, प्रिंटर, मोबाइल ही उपकरणं 'कुणी आहे का' असं नेटवर्कवर सतत विचारत असतात, ती हाक. बाहेरचा पत्ता जवळजवळ नव्हताच. राउटर त्याचं काम करतो आहे याची ही खात्री मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटली.

आता राहिला बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो याने. मशीनमध्ये काही शिरलंच तर ते माहिती बाहेर पाठवणार. तेव्हा जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला विचारणारी वेगळी फायरवॉल असावी, हे तर्काला धरून आहे. अशी एक मी बसवून पाहिली. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिच्यात दोष होता असं मला म्हणायचं नाही. ती सांगितलेलं काम चोख करत होती. 'अमुक प्रोग्राम अमुक पत्त्याला जोडू इच्छितो, परवानगी द्यायची का?' ब्राउझर, मेल, अपडेट, प्रिंटर, प्रत्येकासाठी ही खिडकी येई. सगळ्यात जास्त वेळा नाव असे एसव्हीसीहोस्टचं. हा विंडोजचाच प्रोग्राम, पण त्याच्या आत विंडोजच्या अनेक वेगवेगळ्या सेवा चालतात. घड्याळ जुळवणारी सेवा त्यातच, अपडेट आणणारीही त्यातच. खिडकीत नाव एकच दिसतं. समोरचा पत्ता म्हणजे आकडे. आत नेमकी कोणती सेवा आहे आणि ते आकडे कुणाचे आहेत, हे शोधायला मलाच वेळ लागायचा.

सासूबाई व्हिडिओ कॉलला बसल्या की आतून आवाज यायचा, "अगं, परत विचारतंय. हो म्हणू का?"

"हो म्हणा," मी स्वयंपाकघरातून सांगायचे.

हे थोडे दिवस चालल्यावर काय होतंय ते माझ्या लक्षात आलं. खिडकी आली की हो म्हणायचं, ही सवय आम्ही सगळे त्यांना लावत होतो. ज्या दिवशी खरोखर नको तो प्रोग्राम बाहेर जायची परवानगी मागेल, त्या दिवशीही त्या हो म्हणतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. उलट, नाही म्हटलं तर कॉल बंद पडतो हा अनुभव त्यांच्या गाठीशी आलेला. शिवाय चलाख व्हायरस स्वतःच्या नावाने बाहेर जातच नाही. तो ब्राउझरच्या किंवा एसव्हीसीहोस्टच्या आड जातो, आणि त्या दोघांना आपण आधीच परवानगी देऊन बसलेलो असतो. एकट्या जाणकार माणसाला, प्रत्येक जोडणी ओळखण्याची हौस आणि वेळ असेल तर, अशी फायरवॉल फार उपयोगी आहे. सिंपलवॉल, टायनीवॉल यांसारखी छोटी साधनं विंडोजच्याच गाळण्याच्या यंत्रणेचा आधार घेऊन हे काम करतात. त्यातलं टायनीवॉल तर खिडक्या न दाखवता गुपचूप अडवतं आणि परवानगी द्यायचं काम आपल्यावर सोडतं. पण चार जणांच्या सामायिक कॉम्प्युटरवर प्रश्न विचारणारी फायरवॉल मला नको होती. ती काढली, विंडोजची पुन्हा तपासून चालू आहे ना ते पाहिलं, आणि हा विषय संपवला.

मग अँटिव्हायरस. स्वतःच्या अनुभवावरून अँटिव्हायरस पारखता येत नाही. त्याने न पकडलेला व्हायरस आपल्याला दिसत नाही, आणि पकडलेला खरा होता का हेही कळत नाही. म्हणून चाचण्या घेणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळांचे अहवाल वाचायला घेतले. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्ज, ही त्यातली नेहमीची नावं. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. तिथे बहुतेक सगळे प्रसिद्ध अँटिव्हायरस १७-१८च्या आसपास गर्दी करून असतात, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून निवड होत नाही. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जचे अहवाल जास्त उपयोगी पडले, कारण ते चाचण्या वेगवेगळ्या मांडतात. प्रत्यक्ष वेबसाइटवरून येणारा धोका अडवला का, निर्दोष फाइलीला व्हायरस म्हटलं का, आणि मशीन किती मंदावलं.

वाचता वाचता काही गोष्टी पक्क्या झाल्या. एकाच अहवालातला पहिला क्रमांक बघून उडी मारायची नाही. पहिल्या आणि पाचव्यात अनेकदा टक्क्याच्या काही दशांशांचाच फरक असतो आणि पुढच्या अहवालात क्रम फिरतो. सतत काही वर्षं वरच्या गटात कोण टिकून आहे ते बघायचं. आणि चुकीच्या इशाऱ्यांचा रकाना मात्र आवर्जून वाचायचा. लोक तो सोडून देतात असं मला दिसलं, पण सामायिक कॉम्प्युटरवर तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. ज्या अँटिव्हायरसची आरडाओरड वरचेवर खोटी ठरते त्याच्या खऱ्या इशाऱ्याकडेही घरातले दुर्लक्ष करायला लागतात. सासूबाईंचं हो-हो म्हणणं मी नुकतंच पाहिलेलं होतं.

विंडोजमध्येच असलेला डिफेंडर या अहवालांत कसा आहे ते मी खास बघितलं, कारण 'तो नावापुरता आहे' असं मला अनेकांनी सांगितलं होतं. एके काळी त्यात तथ्य होतं. २००६मध्ये डिफेंडर आला तेव्हा तो अँटिव्हायरस नव्हताच, फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधायचा. विंडोज ८बरोबर, २०१२मध्ये, तो पूर्ण अँटिव्हायरस झाला, आणि नंतरही काही वर्षं चाचण्यांत मागे असायचा. गेली बरीच वर्षं मात्र तो वरच्या गटात आहे. त्याच्या उण्या बाजूही अहवालांत स्पष्ट दिसतात. तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, बराच विसंबून आहे, इंटरनेट नसताना त्याची ओळखण्याची क्षमता इतर काहींपेक्षा कमी पडते. मोठाल्या फाइली कॉपी करताना आणि प्रोग्राम इन्स्टॉल करताना तो अनेकदा मशीन जास्त मंदावतो. आमचा कॉम्प्युटर सतत इंटरनेटला जोडलेला असतो, त्यामुळे पहिली अडचण आम्हाला फारशी नाही. दुसरी नवऱ्याला जाणवते, शेकडो फोटो एकदम डिस्कवर हलवताना. त्याने ते चालेल म्हटलं.

इथे आणखी एक विचार करावा लागला आणि माझ्या मते तो फार कमी लोक करतात. अँटिव्हायरस हा मशीनमधला सगळ्यात जास्त अधिकार असलेला प्रोग्राम असतो. प्रत्येक फाइल तो उघडून बघतो. अनेक अँटिव्हायरस तर स्वतःचं प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवून ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीच्या मध्ये उभे राहतात आणि आतला मजकूर वाचतात, म्हणजे बँकेच्या पानावरचाही. इतका अधिकार ज्याला द्यायचा त्याच्यात चूक झाली तर ती साधी राहत नाही. २१ एप्रिल २०१०ला मॅकॲफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतल्या त्याच एसव्हीसीहोस्टला व्हायरस ठरवलं आणि कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. ते उत्पादन घरगुती नाही, कंपन्यांसाठीचं आहे, पण इतक्या खोलवर बसलेला प्रोग्राम चुकला तर काय होतं ते त्यातून दिसलं. आणि चूक नव्हे तर व्यवसाय म्हणून झालेली गोष्टही आहे. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. जंपशॉट २०२०मध्ये बंद करावी लागली, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जो प्रोग्राम आपलं रक्षण करायला बसवला त्यानेच आपण काय बघतो ते विकावं, याचा मला मनापासून राग आला, अजूनही येतो.

त्यामुळे 'सगळ्यात जास्त सोयी कुणात' हा प्रश्न मी उलटा केला. सगळ्यात कमी गोष्टी कुणाच्या हाती द्याव्या लागतील? विंडोज वापरतो म्हणजे मायक्रोसॉफ्टवर विश्वास टाकून झालेला आहे. डिफेंडर वापरला तर त्यात नवीन कुणाची भर पडत नाही. पैसे देऊन घ्यायच्या संचात व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, मशीन 'साफ' करणारी साधनं असतात. ती आम्हाला वेगळी हवी तर वेगळी घेता येतात, आणि सफाईची साधनं तर कुणालाच लागतात असं मला वाटत नाही. ईसेट आणि बिटडिफेंडर ही दोन नावं अहवालांत वर्षानुवर्षं चांगली दिसली. पैसे देऊन घ्यायचा झाला असता तर मी त्यांपैकी एक घेतला असता. पण आमच्या गरजेला त्यांनी नेमकी कशाची भर पडेल याचं उत्तर मला देता येईना. डिफेंडर ठरला.

ठरवणं झालं, पण आधीचा अँटिव्हायरस निघायला तयार नव्हता. एका मशीनवर सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस ठेवायचे नाहीत. दोघेही प्रत्येक फाइल एकाच वेळी पकडायला बघतात, मशीन रेंगाळतं, कधी एक दुसऱ्याच्याच फाइलींना व्हायरस समजतो. म्हणून दुसरा आला की डिफेंडर स्वतः मागे सरतो आणि दुसरा गेल्याशिवाय पुढे येत नाही. मी सेटिंगमधून जुना अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं, विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर चालू दिसला. तरी खात्री करायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएलटीएमसी ही कमांड चालवली. फाइल उघडताना मध्ये उभे राहणारे ड्रायव्हर कोणते, त्यांची यादी ती देते. डब्ल्यूडीफिल्टर हा डिफेंडरचा, तो होता. आणि त्याच्या खाली जुन्या अँटिव्हायरसचाही ड्रायव्हर अजून बसलेला होता, बाकी प्रोग्राम गेलेला असताना! बहुतेक कंपन्या अशा उरलेल्या गोष्टींसाठी वेगळं काढून टाकण्याचं साधन देतात. ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवून घ्यायचं. ते सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होतं त्या अवस्थेत) चालवलं, मग ती ओळ गेली. जुना काढून नवा बसवल्यावर कॉम्प्युटर विनाकारण मंद वाटत असेल, तर ही यादी आधी बघावी.

मग चाचणी. आयकार नावाची एक फाइल खास यासाठी असते. तिच्यात ६८ अक्षरांची एक ओळ आहे, ती निरुपद्रवी आहे, आणि सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस म्हणतात. ती उतरवायला घेतली तर सेव्ह व्हायच्या आतच डिफेंडरने उचलली. झिप करून पेनड्राइव्हवरून आणली, तेव्हा उघडताक्षणी पकडली. अँटिव्हायरस किती चांगला आहे हे यातून कळत नाही, तो जागा आहे एवढंच कळतं. पण तेवढं कळणंही गरजेचं आहे.

सेटिंगमध्ये क्लाउड संरक्षण चालू ठेवलं, आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना ते पाहिलं, म्हणजे एखादा व्हायरस डिफेंडरलाच परस्पर बंद करू शकणार नाही. 'संभाव्य नको असलेले ॲप' अडवण्याची खूण चालू केली. मोफत प्रोग्रामांबरोबर चिकटून येणारे टूलबार आणि असली-तसली सामग्री त्यात अडते. मग 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. ही सोय २०१७मध्ये आली, मुळात बंद असते, आणि माझ्या मते फोटो असलेल्या प्रत्येक घरात चालू असायला हवी. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामाला काही बदलूच दिलं जात नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसना यामुळे बराच अडथळा होतो. तिची किंमत लगेच दिसली. मुलगा धावत आला, "आई, गेम सेव्हच होत नाहीये!" गेमची सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समध्ये जात होती. 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये अडवलेल्या प्रोग्रामाचं नाव होतं, तिथूनच परवानगी दिली. नवऱ्याच्या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रामाचंही तसंच झालं. सुरुवातीला अशा परवानग्या द्याव्या लागतात, मग शांतता असते.

मॉडचा प्रश्न त्याच्याशी बोलून सोडवला. काही मॉडच्या पानावर 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं. असं लिहिलेला मॉड आणायचा नाही, हा नियम ठरला. बाकीचे आधी व्हायरसटोटलवर टाकून बघायचे. तिथे अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी फाइल तपासून मिळते. सत्तरएक नावांपैकी एकदोन अनोळखी नावांनीच लाल दाखवलं तर ते बहुधा चुकीचं असतं, प्रसिद्ध नावांपैकी बरीच लाल असली तर फाइल टाकून द्यायची. आपली खासगी कागदपत्रं मात्र तिथे टाकायची नाहीत, कारण टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांना मिळू शकते.

सगळ्यांची खाती साधी केली आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं एक वेगळं ठेवलं, पासवर्ड माझ्याकडे आणि नवऱ्याकडे. काही इन्स्टॉल करायचं तर आमच्यापैकी एकाला बोलवावं लागतं. मुलगा कुरकुरला, पण यामुळे जितक्या गोष्टी टळतात तितक्या कुठल्याही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने टळतील असं मला वाटत नाही. राउटरवर कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय आणि यूपीएनपी (आतल्या उपकरणांना राउटरमध्ये परस्पर दार उघडू देणारी सोय) बंद केलं. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यासाठीची राउटरमधली फायरवॉल चालू आहे का तेही पाहिलं. राउटरमागे असल्याचा जो आडोसा मी वर सांगितला तो जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४चा आहे, आयपीव्ही६मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असू शकतो आणि तिथे राउटरची फायरवॉलच अडवते. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क प्रत काढून झाली की सोडवून ठेवलेली.

हे सगळं झाल्यावर सासूबाईंनी हाक मारली, कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडल्याचं कोपऱ्यात लाल अक्षरांत आलं होतं, एका प्रसिद्ध अँटिव्हायरसच्या नावाने. तो आमच्याकडे नव्हताच. नीट पाहिलं तर त्या चौकटीत खाली बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एका वेबसाइटचा पत्ता होता. पाककृतीच्या कुठल्याशा साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. कॉम्प्युटरमध्ये कोणतीही फाइल आलेली नव्हती, त्यामुळे अँटिव्हायरसला पकडण्यासारखं काही नव्हतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्या साइटची परवानगी काढली आणि कुठल्याच साइटने नोटिफिकेशनबद्दल विचारूच नये असं करून टाकलं. त्यांना विंडोज सिक्युरिटी कशी उघडायची ते दाखवलं. व्हायरसबद्दल काहीही दिसलं तर त्यावर दाबायचं नाही, तो निरोप खरा की खोटा हे इथे येऊन बघायचं. आता त्या स्वतःच उघडून बघतात आणि मला फक्त सांगतात.

प्रयोगशाळांचे नवे अहवाल आले की मी अजूनही डिफेंडरची ओळ बघते. तो सलग मागे पडायला लागला तर बदलेन. सासूबाईंना स्वतःचा लॅपटॉप हवा आहे, तो त्या आपल्या मुलीकडे जाताना नेणार, आणि तिथे हाकेच्या अंतरावर मी नसेन. त्या लॅपटॉपसाठी फोनवर माणूस मदतीला येईल अशी पैसे देऊन मिळणारी सेवा घ्यावी का, याचा विचार सध्या चालू आहे.